शिरा आणि सुनावणी

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. पुष्पाताई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला नवल वाटलं असेल. मी तुला आजवर एकदाच पत्र लिहिलं, तेही शाळेत मास्तरांनी लिहून घेतलं म्हणून. पण माझा फोन चौकशीवाल्यांनी तपासायला नेला आहे आणि दुसऱ्याच्या फोनवरून बोलायची हिंमत होत नाही. तूही कोणाच्या फोनवरून मला शोधत बसू नकोस. जे असेल ते लिहून कळव.

सरळच सांगतो. पासपोर्ट कार्यालयाची नोटीस आली आहे. ‘वणवा दल’ नावाच्या बंदी घातलेल्या दहशतवादी संघटनेला मी मदत करतो, तिच्या माणसाला मी घरात आसरा दिला, तेव्हा तुमचा पासपोर्ट रद्द का करू नये याचा खुलासा करा, असं तीत लिहिलंय. तोवर पासपोर्ट जमा करून घेतलाय. सुनावणी बारा मार्चला आहे.

तो माणूस म्हणजे हरिओम. माझ्याबरोबर ठिबकच्या प्रशिक्षणाला होता, तो. सातपुड्यापलीकडे खैरपाटीच्या आठवडी बाजारात नोव्हेंबरात बॉम्ब फुटून माणसं मेली, त्या प्रकरणात त्याला महिन्यापूर्वी धरलं. आता त्याच्या ओळखीचा जो जो माणूस, तो तो दहशतवादी. हरिओम आपल्या मळ्यात दोन रात्री मुक्कामाला आला होता, एवढाच माझा गुन्हा.

केनियातल्या गुलाबांच्या शेतीवरची नोकरी तुला माहीत आहे. एक एप्रिलला हजर व्हायचंय. पासपोर्ट गेला की ती गेली, आणि असला शिक्का कपाळी बसलेल्या माणसाला इथे तरी कोण दारात उभं करणार?

नोटिशीतलं एक वाक्य मात्र मला झोपू देत नाही. ‘स्थानिक चौकशीत कुटुंबीयांकडूनच समजले’ असं त्यात आहे. कुटुंबीय म्हणजे कोण गं? आई आणि तू. की भाऊजी बोलले? माझं परदेशी जाणं त्यांना कधीच पटलं नव्हतं. मी चिडलेलो नाही, पण घरी कोण आलं होतं आणि कोण काय बोललं, ते सगळं लिही.

तुझा,
गजेंद्र

*

संग्रामपूर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. गजू,

आधी तुझ्या भाऊजींवरचा संशय काढून टाक. ते बिचारे त्या दिवशी शेगावला होते. तुझा घात कोणी केला असेल तर तो आपल्या अख्ख्या गल्लीने केला, आणि तोही तुझं लग्न जुळावं म्हणून.

संक्रांत झाल्यावर इस्त्रीचे शर्ट घातलेले दोघं मोटरसायकलवर आईच्या गावात आले. शेजारच्या सरस्वतीबाई ओट्यावर तीळ पाखडत होत्या. त्यांना विचारलं, भगवानरावांचा गजेंद्र कसा मुलगा आहे? आता आपल्या गावात अनोळखी माणसांनी येऊन बिनलग्नाच्या पोराबद्दल असं विचारलं तर त्याचा अर्थ एकच. पोरीकडचे गुपचूप चौकशीला आले. ते कधी आपण कोण ते सांगत नाहीत, संत्री बघायला आलो म्हणतात, रस्ता चुकलो म्हणतात, आणि आपणही ओळखल्याचं दाखवत नाही. मग गल्लीचं एकच काम, पोराला आभाळात चढवायचं. आपल्या गल्लीने आजवर पक्क्या दारुड्यांचीही लग्नं लावून दिली आहेत, तू तर इंजिनिअर.

सरस्वतीबाई त्यांना हाताला धरून न्यावं तसं आईकडे घेऊन गेल्या. आईने पोहे केले. त्यांनी विचारलं, पोराला व्यसन आहे का, स्वभाव कसा, मित्र कोण, घरी कोण येतं-जातं. तुझं वय तीस होत आलं, चार ठिकाणांहून नकार आलेला, आई काय ही संधी सोडणार होती? ती म्हणाली, “माह्या गजूचा जीव लय मोठा हाय. त्याचा पाव्हणा आला तं दोन दिसात जात नाई. दिवाईले आला तो हरिओम, थो तुळशीचं लगन झाल्यावर गेला. सोताच्या ताटातलं त्याले खाऊ घाले.” एवढ्यावर न थांबता तिने त्यांना मळ्यातली खोली दाखवली, हरिओम झोपायचा ती बाजही दाखवली. त्यातला एकजण भराभरा टिपून घेत होता. आईला वाटलं, नातीगोती लिहून घेतोय. दुसऱ्याने पोहे दोनदा मागून खाल्ले.

ते गेल्यावर मला निरोप आला की पोरीकडचे खूश होऊन गेले. आठ-दहा दिवसांनी ठाण्यातले जमादार गुलाबराव आले आणि त्यांनी सांगितलं की ते दोघं पोलीस होते. तेव्हापासून आई धड जेवत नाही. आता तुझं पत्र ऐकल्यावर तर आपण केलेल्या कौतुकाने पोराचा पासपोर्ट गेला, हेच घोकत बसते.

मला त्या लोकांचा संताप आला आहे. कपडे बदलून यायचं, म्हाताऱ्या बाईच्या हातचं खायचं आणि वर तिचंच बोलणं तिच्या पोराच्या गळ्यात बांधायचं, ही कुठली रीत? दाराशी आलेल्याला जेवू घातलं म्हणून कोणाचा पासपोर्ट काढून घेतात का? तू घाबरू नकोस, मी बघते.

एकच विचारते. दोन रात्री असं तू का लिहिलंस? भाऊबीजेला मी आले तेव्हा तो होता. बहीण नाही म्हणाला, म्हणून मी तुझ्याबरोबर त्यालाही ओवाळलं. तुळशीच्या लग्नाला आले तेव्हाही तो होता, मंडपाला ऊस बांधत होता. नोटिशीने तुझं डोकं ठिकाणावर नसेल, असं मी समजते.

तुझी,
ताई

*

पुणे, १४ फेब्रुवारी २०२५

ती. ताई,

तुझं पत्र वाचून मी कितीतरी दिवसांनी हसलो. सरस्वतीकाकूंना माझ्यातर्फे साष्टांग नमस्कार सांग. त्यांनी मला बुडवलं खरं, पण त्याच आता मला तारणार आहेत.

इथल्या वकिलांना मी सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, हाच तुमचा बचाव. स्थळाच्या चौकशीत माणसं खरं बोलत नाहीत हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दोन एकर असेल तर दहा सांगतात, मुलगा नापास असेल तर शिकतोय सांगतात. पोरीकडचे आलेत असं समजून म्हातारी वाढवून बोलली, पोराचा मोठेपणा दाखवायला पाहुण्याच्या दोन दिवसांचे पंधरा केले, यात पुरावा कसला आला? आईने तसं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. शेजाऱ्यांपैकी दोघींनी आम्हीही वाढवूनच बोललो असं लिहून द्यायचं. म्हणजे त्यांच्या हातात काहीच उरत नाही. हरिओमने स्वतः माझं नाव घेतलेलं नाही. सगळा डोलारा आईच्या त्या पोह्यांवर उभा आहे.

तेव्हा हे कर. आपल्या उत्तमराव वकिलांकडून आईच्या नावाने लिहून घे की हरिओम नावाचा कोणीही मळ्यात राहिला नाही, मुलाचं लग्न जमावं म्हणून मी तसं बोलले. दोन रात्रींचाही उल्लेख नको. मार्चच्या दहा तारखेच्या आत कागद माझ्या हातात पडला पाहिजे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की मी दिवस मोजत बसलो नव्हतो. राहिला असेल थोडा जास्त. आपल्याकडे पाहुण्याला कधी जाणार असं कोण विचारतं?

आईला सांग, तिने काही चूक केली नाही. आता फक्त एवढं सांभाळून घे म्हणावं.

तुझा,
गजेंद्र

*

संग्रामपूर, २० फेब्रुवारी २०२५

चि. गजू,

तुझ्यापायी माझ्या घरात अबोला सुरू झाला आहे. तुझे भाऊजी म्हणतात, आईला या वयात खोट्या कागदावर सही करायला लावू नका, उद्या तिलाच कोर्टात उभं करतील. मी म्हटलं, तुमचा भाऊ असता तर? ते म्हणाले, माझा भाऊ असता तर आधी त्याला विचारलं असतं की तो माणूस पंधरा दिवस आपल्या मळ्यात कशाला बसला होता. मी ताट सरकवून उठले. चार दिवस झाले, आम्ही मुलीच्या तोंडून एकमेकांशी बोलतोय.

तरी मी कामाला लागले आहे. उत्तमरावांनी कागद तयार करायचं कबूल केलं. सरस्वतीबाईंना सही करायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, एक नाही दहा देते, पोराचं भलं होऊ दे. स्थळवाल्यांपुढे खोटं बोलण्यात त्यांना कधीच पाप वाटलं नाही, आणि आता खोटं बोललो असं सांगायलाही वाटत नाही.

पण गजू, माझ्या डोक्यात तुझ्या भाऊजींचा तो प्रश्न अडकून बसलाय. मी त्यांच्यावर ओरडले, कारण तो माझाही प्रश्न होता. परवा आईकडे गेले होते तेव्हा टीव्हीवर हरिओमला तोंड झाकून नेताना दाखवलं. आईने त्याला चालीवरून ओळखलं. मग त्यांनी खैरपाटीचा बाजार दाखवला. पोलीस चौकीला लागून भाजीवाल्या बायका बसतात, तिथे तो बॉम्ब ठेवला होता. सात माणसं गेली, त्यातल्या चार बाया माळवं विकायला आलेल्या. टोपल्या इकडेतिकडे पडल्या होत्या. आई उठून आत गेली.

मी तुझ्या बाजूची आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. बाबा गेल्यावर तुझी फी भरायला मी माझ्या नवऱ्याशी भांडले, आजही भांडतेय. म्हणून मला खरं कळायला हवं. तो कोण आहे हे तुला माहीत होतं का? हो म्हणालास तरी मी तुला टाकणार नाही. पण मला आंधळी करून माझ्याकडून काम करून घेऊ नकोस.

तुझी,
ताई

*

पुणे, २५ फेब्रुवारी २०२५

ताई,

ठीक आहे, ऐक. हरिओमचे विचार मला माहीत होते. पलीकडच्या डोंगरातल्या लोकांच्या जमिनी गेल्या, त्यांना कोणी विचारलं नाही, अर्ज करून करून ती माणसं म्हातारी झाली, यातलं खोटं काय आहे? तो बोलायचा आणि मी ऐकायचो. काही वेळा पटायचंही. पण विचार पटणं हा गुन्हा आहे का? उद्या एखाद्याने मनात काय आणलं म्हणून त्याचा पासपोर्ट काढून घेणार असतील तर अर्ध्या देशाने घरी बसावं. हे लोक असेच करतात. खटला चालवायला पुरावा लागतो, पासपोर्ट रद्द करायला नुसता संशय पुरतो. माणसाला जन्मभर एका जागी खुंट्याला बांधून ठेवायचं आणि वर शिक्षा केली नाही म्हणायचं.

तो काय करणार आहे याचा मला पत्ता नव्हता. खैरपाटीचं मला तो गेल्यावर, पेपरात वाचून कळलं. वाचलं तेव्हा मीही हादरलो. बाबांची शपथ घेऊन सांगतो.

आता तरी समाधान झालं का? तू प्रश्न विचारतेस तसे इथले चौकशी अधिकारीही विचारत नाहीत. तू माझी बहीण आहेस की त्यांची? भाऊजींना सांग, सासुरवाडीचा मळा बघायला ते दर रविवारी यायचे, तेव्हा त्यांनी का नाही विचारलं?

माफ कर. डोकं फिरलंय. दिवसभर या खोलीत बसून असतो, जिन्यात पाऊल वाजलं की उठून दाराची कडी बघतो. मला फक्त इथून निघायचंय. एकदा केनियाला पोचलो की पुन्हा माझ्यामुळे कोणाला त्रास होणार नाही. कागदाचं बघ, दिवस फार थोडे राहिलेत.

गजेंद्र

*

संग्रामपूर, २ मार्च २०२५

गजू,

शुक्रवारी मी उत्तमरावांनी टाईप करून दिलेला कागद घेऊन गावी गेले. तुझ्या शपथेवर मी विश्वास ठेवला होता. भाऊजींनाही तुझं पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, बघा, पोरगं खरं बोललं. ते बस स्टँडपर्यंत सोडायला आले.

आई तुळशीपाशी बसली होती. मी तिला कागद वाचून दाखवला आणि शिकवलं, कोणी विचारलं तर म्हणायचं, कोणी राहिलं नव्हतं, पोराच्या लग्नासाठी बोलले. तिने दोनदा माझ्यामागून म्हटलं. मग मला विचारलं, तो बॉम्ब कोणत्या दिवशी फुटला होता? मी सांगितलं, कार्तिकी एकादशीला, मंगळवारी, बाजार भरला तेव्हा. टीव्हीवाले तेच तेच सांगत होते, म्हणून माझ्या लक्षात होतं.

आईने बोटांवर तिथी मोजल्या. मग जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते. “त्या दिशी दुपारी गजू मळ्यातून पळतच आला. म्हणे, आई, शिरा कर, बदाम टाकून कर. म्या म्हणलं, आज एकादशी हाय, रवा कोन खाते बावा? तं म्हणे, हरिओमचं मोठं काम झालं, आमाले तोंड गोड कराचं हाय. दोघंबी हासून राह्यले होते. म्या केला. उपास होता म्हनून चाखला नाई.”

मी म्हटलं, आई, दिवस चुकत असेल. ती म्हणाली, एकादशीला रव्याचा शिरा मी उभ्या जन्मात एकदाच केला, दिवस कसा चुकेल? मग माझा हात धरून तिने विचारलं, “पुष्पा, म्या कायचं गोड केलं वं?” ती रडली नाही. त्याचीच मला भीती वाटते.

पेपरात नंतर वाचलं असं तू मला लिहिलंस, आणि बाबांची शपथ घेऊन लिहिलंस. कागदावर सही झालेली नाही. तो माझ्या पिशवीत आहे. तो शिरा कशासाठी होता, ते मला सांग. बाकी काही सांगू नकोस, विचार नको, जमिनी नकोत, देश नको. फक्त तेवढं सांग.

ताई

*

पुणे, ६ मार्च २०२५

ताई,

हे पत्र लक्झरी बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. वाचून झालं की जाळून टाक.

हो, त्याच्यासाठीच होता. सकाळी हरिओमला फोन आला की चौकी उडाली. फक्त चौकी, एवढंच आम्हाला कळलं होतं. बाजाराचं, बायकांचं संध्याकाळी कळलं. तू विचारशील, म्हणून आधीच सांगतो, चौकीत माणसं होती हे मला ठाऊक होतं. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं, एकदाचा कोणीतरी जाब विचारला. मला आनंद झाला होता, ताई. मी खोटं का सांगू?

बायकांचं कळल्यावर मी जेवलो नाही. हरिओम म्हणाला, मोठ्या कामात असं होतं. मी गप्प राहिलो. तुळशीचं लग्न झाल्यावर मीच त्याला मोटरसायकलवरून जळगाव जामोदला सोडलं. एवढंच. मी बॉम्ब केला नाही, ठेवला नाही, पाहिलाही नाही. यातली एकही गोष्ट त्यांना माहीत नाही आणि आई बोलली नाही तर कधी कळणारही नाही.

आता विचार कर. आईने सही केली नाही म्हणून त्या सात माणसांतलं एक तरी परत येणार आहे का? आणि माझा पासपोर्ट काढून घेतला, मला आत टाकलं, तर कोणाचं भलं होणार? मी जातो. तिकडे गुलाबांना पाणी देईन, कोणाच्या अध्यात न् मध्यात राहणार नाही. तू आणि आई सुखाने राहा.

आई माझ्यासाठी एवढं बोलेल. बोललंच पाहिजे तिने. ती माझी आई आहे. दहा तारखेच्या आत कागद पाठव, मी हात जोडतो.

गजेंद्र

*

संग्रामपूर, ९ मार्च २०२५

गजू,

हे पत्र तुझे भाऊजी स्वतः घेऊन येत आहेत. ते तुझ्याबरोबर बारा तारखेपर्यंत राहतील. त्यांना दारात उभं ठेवू नकोस.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. गाळून वाचायचं ठरवून बसले होते, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला गाळता आलं नाही. ‘चौकीत माणसं होती हे मला ठाऊक होतं’ यापाशी तिने मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, पुढं वाच. पूर्ण झाल्यावर तिने विचारलं, त्या चौकीतल्या लोकांनाही आया असतील ना.

मी तुला खरं सांगते, माझ्या मनात सही घ्यायचं येऊन गेलं. तू माझ्या कडेवर वाढलास. मी पिशवीतून कागद काढला आणि तिच्यापुढे धरलासुद्धा. तिने तो हातात घेतला, नीट घडी करून मला परत दिला आणि काल सकाळी, पहिल्या एसटीने मला ठाण्यात घेऊन चल, असं म्हणाली. मी पुष्कळ समजावलं. पोराला कदाचित अटक होईल, गावात तोंड दाखवता येणार नाही, केस उभी राहिली तर तुलाही ओढतील. ती पायांत चपला घालत होती.

ठाण्यात गुलाबराव होते. त्यांच्याबरोबर बाहेरून आलेला एक अधिकारी होता, पोहे दोनदा मागून घेणाराच. आईला बघून तो खुर्चीतून उठला. गुलाबराव आपल्या गावचे जावई, त्यांना आईची दया आली असावी. त्यांनी स्वतःहूनच वाट काढून दिली. म्हणाले, मावशी, तुम्ही स्थळ समजून वाढवून बोललात, असंच ना? तसं लिहून घेतो आणि तुम्हाला घरी सोडतो. तिने नुसती मान हलवली असती तरी तू केनियाला गेला असतास.

ती म्हणाली, “स्थळ समजूनच बोलली, पन खरं बोलली. पाव्हणा राह्यला होता. तवा जे सांगाचं राह्यलं, ते आता लिवा.” मग तिने सगळं सांगितलं. एकादशीही सांगितली, शिराही सांगितला, तुम्ही दोघं हसत होतात तेही सांगितलं. जळगाव जामोदचं तिने सांगितलं नाही, मीही नाही. तुझं पत्र मी जाळलं नाही आणि त्यांना दिलंही नाही. आई म्हणाली, ते त्याचं त्याने सांगावं, तेवढं त्याच्यासाठी ठेव.

तेव्हा पासपोर्टचा विचार आता सोडून दे. मला आधी वाटायचं, हे लोक एका पोराला घरात कोंडून घालायला निघालेत. आता मला रोज एकच दिसतं. तू विमानात बसला असतास, तिकडे फुलांच्या शेतीत चांगला पगार घेतला असतास आणि खैरपाटीचं नाव पुन्हा कधी काढलं नसतंस. तुझ्या सहाच्या पत्रात एका मेलेल्या माणसाचं नाव नाही, गजू. मी चार बायांची नावं टीव्हीवर ऐकून पाठ केली आहेत. तू विचारलीस तर सांगेन.

माझा जीव तुझ्यासाठी तुटतो. तू तुरुंगात गेलास तर मी भेटायला येईन, वकील करायचा तर दागिने मोडेन, लोक बोलले तर त्यांच्याशी भांडेन. पण बाराला तू सुनावणीत उभा राहशील तेव्हा मागे आईचं खोटं नसेल. जे बोलायचं ते तुझं तुला बोलावं लागेल.

शेवटी त्या अधिकाऱ्याने आईला एक प्रश्न विचारला. असे जबाब देणारे बहुतेक भाऊबंदकीतले निघतात, म्हणून त्याला विचारावंच लागत असेल. म्हणाला, गजेंद्रशी तुमचं काही वैर आहे का, शेतीवरून, घरावरून?

आई म्हणाली, “नाई. माहाच पोरगा हाय. दुसऱ्याचा असता तं म्या कायले आली असती?”

मग तिने चष्मा लावला आणि जिथे दाखवलं तिथे सही केली.

तुझी,
ताई